‘आसन्न’ उत्तर आणि आंधळा विश्वास

खरिपाची पेरणी आटोपून सोयाबीन घोट्याच्या वर आले की हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्याच्या शेतकऱ्यामागे आता एक नवे काम नेमाने लागते. हाती मोबाइल घेऊन स्वतःच्या शेतात जायचे, ई-पीक पाहणीचे ॲप उघडायचे, गट क्रमांक निवडायचा आणि उभ्या पिकाचे छायाचित्र काढायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या या पद्धतीत छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही आपोआप नोंदले जातात. छायाचित्र काढणारा खरोखरच त्या गटात उभा आहे किंवा नाही, हे यंत्र स्वतः पडताळून पाहते. यंत्राचे समाधान झाले तर पीक सातबाऱ्यावर चढते. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीचे अनुदान, हमीभावाची खरेदी ही सारी दारे त्या एका नोंदीच्या किल्लीने उघडतात.

या व्यवस्थेचा हेतू स्तुत्य आहे, यात शंका नाही. चावडीवर बसून गेल्या वर्षीचाच पीकपेरा यंदाच्या रकान्यात उतरवण्याची जुनी रीत ज्यांनी भोगली आहे, त्यांना स्वतःच्या पिकाची नोंद स्वतः करण्याचा अधिकार ही लहान गोष्ट वाटणार नाही. परंतु या अधिकाराबरोबर एक नवा न्यायाधीशही शेताच्या बांधावर येऊन बसला आहे. ‘हा माणूस आपल्याच शेतात उभा आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर पूर्वी शेजारी देई, कोतवाल देई, तलाठी देई. आता ते आकाशातील उपग्रह आणि हातातील मोबाइल मिळून देतात. शेजाऱ्याची साक्ष उलटतपासणीत तपासता येते. यंत्राची साक्ष तपासायची कशी, हे मात्र कोणी शिकवलेले नाही. म्हणूनच या यंत्राचे सामर्थ्य किती आणि मर्यादा कोणत्या, याचा विचार शहरातील मोटारमालकाइतकाच कळमनुरीच्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठीही अगत्याचा झाला आहे.

उपग्रहांवरून स्थान कळते, याचा अर्थ उपग्रह आपल्याला वरून पाहतो, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात उपग्रह काहीही पाहत नाही. तो केवळ वेळ सांगतो. अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि ‘मी अमुक ठिकाणी आहे, आत्ता अमुक वाजले आहेत’ एवढाच संदेश अहोरात्र प्रसारित करत राहतात. हा संदेश आपल्यापर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागला, त्यावरून मोबाइल त्या उपग्रहापर्यंतचे अंतर काढतो. अशी किमान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळातील चूक या चार अज्ञात राशींचा उलगडा होतो. रेडिओलहरी एका सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर धावत असल्याने घड्याळात एका सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर तीनशे मीटरने चुकते. यासाठी उपग्रहांवर आण्विक घड्याळे बसवावी लागतात. एवढेच नव्हे, तर आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्तानुसार त्या उंचीवरील घड्याळ जमिनीवरील घड्याळापेक्षा दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ही दुरुस्ती केली नाही, तर स्थानातील चूक दिवसाला दहा किलोमीटरहून अधिक वेगाने वाढत जाईल. मानवी बुद्धीचा हा विलक्षण पराक्रम आज प्रत्येकाच्या खिशात आहे, याचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

परंतु पराक्रमालाही मर्यादा असतात. मोकळ्या आकाशाखाली चांगला मोबाइल आपले स्थान साधारणतः पाच मीटरच्या आत दाखवतो, असे ही यंत्रणा चालवणारे अमेरिकी सरकारच सांगते. या वाक्यातील ‘मोकळ्या आकाशाखाली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. उंच इमारतींच्या गल्लीत, दाट झाडीत किंवा डोंगराच्या कुशीत काही उपग्रह दृष्टिआड होतात आणि काहींच्या लहरी भिंतीवर किंवा कड्यावर आपटून वळसा घेऊन येतात. वळसा घेऊन आलेल्या लहरीला अर्थातच वेळ अधिक लागतो आणि यंत्राला वाटते, उपग्रहच दूर आहे. मग पाच मीटरची चूक वीस, तीस, प्रसंगी पन्नास मीटरवर जाते. वातावरणाच्या वरच्या थरांतील विद्युतभारित पट्टाही या लहरींची गती बदलतो आणि भारतासारख्या विषुववृत्ताजवळच्या देशावर हा पट्टा अधिक अस्थिर असतो. सूर्यास्तानंतरच्या काही तासांत तर विशेषच. १० आणि ११ मे २०२४ रोजी आलेल्या तीव्र सौरवादळात अमेरिकेतील ऐन पेरणीच्या हंगामात उपग्रहांच्या आधारे चालणारे ट्रॅक्टर शेतात थांबवावे लागले होते. निसर्गाच्या एका फुंकरीने जगातील सर्वांत प्रगत शेती काही काळ आंधळी झाली.

यंत्र चुकते, ही तक्रार करण्याजोगी बाब नाही. मोजमापाचे कोणतेही साधन थोडेफार चुकणारच. तक्रार आहे ती यंत्र आपली चूक सांगत नाही, याची. मोबाइल अक्षांश दाखवतो तो दशांश चिन्हानंतर सहा-सहा, सात-सात अंकांपर्यंत. त्यातील पाचवा अंक सुमारे एक मीटरचा निदर्शक असतो. म्हणजे ज्याला पाच मीटरपलीकडचे नीट दिसत नाही, तो दहा सेंटिमीटरच्या आणि त्याहूनही बारीक गोष्टी ठामपणे सांगत सुटतो. नकाशावरील निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळे वर्तुळ दिसते. ‘तुम्ही या वर्तुळात कोठेतरी असण्याची शक्यता आहे’ एवढाच यंत्राचा खरा दावा असतो. पण ठिपका सर्वांना दिसतो, वर्तुळाकडे कोणी पाहत नाही. आणि शासकीय ॲपच्या ‘होय’ किंवा ‘नाही’ या उत्तरात तर ते वर्तुळ मुळातूनच पुसले गेलेले असते.

या बाबतीत आपल्या पूर्वसूरींचा दाखला उद्बोधक आहे. इसवी सन ४९९ मधील आर्यभटीयात आर्यभटाने परिघ आणि व्यास यांचे गुणोत्तर दिले, ते दशांशात मांडले तर ३.१४१६ येते. जगाने आश्चर्य करावे इतके ते अचूक आहे. तरीही आर्यभटाने ते ‘आसन्न’ म्हणजे सत्याच्या जवळचे आहे, असे त्याच श्लोकात नमूद केले. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त याच गुणोत्तराची दोन मूल्ये दिली, ३९२७ भागिले १२५० हे सूक्ष्म आणि २२ भागिले ७ हे व्यवहारापुरते स्थूल. उत्तर द्यायचे आणि ते कितपत विश्वासार्ह आहे, हेही त्याच दमात सांगायचे, ही या भूमीतील गणिताची शिस्त होती. भास्कराचार्यांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा शिलालेख याच महाराष्ट्रात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्याच महाराष्ट्रात एका यंत्राचे स्थूल उत्तर सूक्ष्म मानून शेतकऱ्याची नोंद नाकारली जात असेल, तर आधुनिकतेच्या नावाखाली आपण मागे गेलो आहोत, असेच म्हणावे लागेल.

याच हिंगोली जिल्ह्यात या शिस्तीचे आधुनिक रूपही आकाराला येत आहे. कळमनुरीशेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा गावाच्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म असा बदल मोजणारे हे साधन असेल. तेथील शास्त्रज्ञांचे बहुतांश आयुष्य लहरी मोजण्यात नव्हे, तर आपल्या मोजमापात कोठकोठून चूक शिरते, हे शोधण्यात जाणार आहे. ज्या जिल्ह्यात असे विज्ञान नांदणार, त्या जिल्ह्याच्या चावडीवरही ‘किती चुकू शकते?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

आणि हा प्रश्न विचारताना आणखी एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. मोबाइलच्या पडद्यावर जे एकत्र दिसते, त्यात वस्तुतः तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. पहिली गोष्ट, उपग्रहांवरून काढलेले स्थान. दुसरी, ते स्थान ज्यावर दाखवले जाते तो नकाशा. तिसरी, त्या नकाशावरून यंत्राने सुचवलेला निर्णय. मग तो रस्ता असो किंवा ‘तुम्ही या गटात नाही’ हा निवाडा असो. उपग्रह फक्त पहिल्या गोष्टीची हमी देतात. उरलेल्या दोन गोष्टी माणसांनी, कार्यालयांनी आणि कंपन्यांनी केलेल्या असतात. अपयश बहुधा तेथे असते आणि दोष मात्र ‘नेटवर्क’वर किंवा अडाणी शेतकऱ्यावर टाकला जातो.

गावनकाशांचेच पाहा. आपल्या गावांचे मूळ नकाशे उपग्रह जन्माला येण्याच्या कितीतरी आधी शंकू-साखळीने आणि फलकावर मोजून काढलेले. ज्यांनी ते काढले, त्यांचे परिश्रम आणि प्रामाणिकपणा वादातीत आहे. पण जीर्ण झालेला, घड्या पडलेला कागद संगणकात उतरवून अक्षांश-रेखांशांच्या जाळ्यावर बसवताना तो काही मीटर, कधी कधी त्याहून अधिक सरकतो. शेतकरी स्वतःच्या बांधाच्या आत उभा असतो, उपग्रहही त्याचे स्थान जवळपास बरोबर सांगतात. तरी नकाशा सरकलेला असल्याने यंत्राच्या लेखी तो शेजाऱ्याच्या गटात उभा असतो. अशा वेळी चूक कोणाची? पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसणाऱ्याची तर निश्चितच नाही.

याच अज्ञानातून गावोगाव दुसरा एक अनर्थ डोके वर काढत आहे. मोबाइलवर शेताभोवती चालून क्षेत्र मोजून देणारी ॲप आता सहज मिळतात. शेताला एक फेरी मारताना यंत्राची चूक बहुतांशी एकाच दिशेची राहते, त्यामुळे क्षेत्रफळ बरेचसे जुळतेही. मात्र संपूर्ण आकृती पाच मीटर पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकलेली असू शकते. शंभर मीटर लांबीचा बांध पाच मीटर सरकला म्हणजे पाचशे चौरस मीटर, अर्थात जवळजवळ पाच गुंठे जमीन या बाजूची त्या बाजूला गेली. ‘मोबाइलमध्ये तर माझीच दाखवते’ असे म्हणत भाऊ भावाच्या बांधावर उभा राहतो, आणि जी कटुता निर्माण होते ती पुढे तीन पिढ्या न्यायालयात नांदते. हद्द ठरवण्यासाठी भूमी अभिलेख विभागाची मोजणी हाच मार्ग आहे. तेथे वापरले जाणारे रोव्हर यंत्रही उपग्रहांवरच चालते. पण भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात उभारलेल्या ७७ स्थिर संदर्भ केंद्रांकडून त्याला क्षणोक्षणी दुरुस्ती मिळत असल्याने त्याची अचूकता सेंटिमीटरमध्ये असते. उपग्रह तेच, आकाश तेच. फरक आहे तो चूक ओळखून ती दुरुस्त करणाऱ्या व्यवस्थेचा. खिशातील मोबाइल आणि मोजणीचे रोव्हर यांना एकाच मापाने तोलणे म्हणजे किराणा दुकानाच्या तराजूत सोने तोलण्यासारखे आहे.

शेतात चूक झाली तर नोंद जाते. रस्त्यावर झाली तर जीव जातो. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेल्या तिघांची मोटार अहिल्यानगर जिल्ह्यातील (तेव्हाचा अहमदनगर) अकोले तालुक्यात, कोतूळ येथील पुलावर रात्रीच्या अंधारात थेट पाण्यात गेली. पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्याखाली तो पूल काही महिन्यांपासून बुडालेला होता. परिसरातील प्रत्येकाला हे ठाऊक होते, नकाशाला नव्हते. दोघे पोहून बाहेर आले, चालकाचा अंत झाला. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशात फरीदपूरजवळ रामगंगेवरील अपुऱ्या पुलावरून मोटार कोसळून तिघे दगावले. २०२३ च्या पुरात त्या पुलाचा भाग वाहून गेला होता. त्या प्रकरणी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांबरोबर नकाशा कंपनीच्या अधिकाऱ्यावरही गुन्हा नोंदवला गेला. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरच्या खाडीपुलावरून जाण्याऐवजी पुलाखालचा रस्ता धरल्याने एका महिलेची मोटार खाडीत पडली. सागरी सुरक्षा पोलिसांच्या तत्परतेने तिचे प्राण वाचले.

या तिन्ही घटनांकडे बारकाईने पाहिले, तर उपग्रहांनी सांगितलेले स्थान कोठेच फारसे चुकलेले दिसत नाही. बेलापुरात पुलावरचा आणि पुलाखालचा रस्ता नकाशावर एकमेकांवर पडलेले. चालकाला वर न्यायचे की खाली, हा गोंधळ मार्गदर्शनातला. कोतूळ आणि फरीदपूर येथे मोटार कोठे आहे, हे यंत्राला ठाऊक होते. पुढे काय आहे, हे ठाऊक नव्हते. उपग्रह ‘तू कोठे आहेस’ एवढेच सांगू शकतो. पुढची वाट शाबूत आहे काय, पुलावर पाणी आहे काय, हे सांगण्याचे काम त्याचे नव्हेच. ते काम रस्ता बांधणाऱ्याचे, तो बंद करणाऱ्याचे आणि नकाशा अद्ययावत ठेवणाऱ्याचे. बंद पुलाच्या तोंडाशी चार दगड रचून, एक कंदील आणि एक फलक लावण्यास कोणत्याही उपग्रहाची आवश्यकता नसते.

कळमनुरीसारख्या तालुक्याने हे उदाहरण मनावर घेण्याचे कारण आहे. तालुक्याच्या उत्तरेला पैनगंगेवरील इसापूर धरणाचा जलाशय पसरला आहे, मधून कयाधू वाहते, आणि डोंगराळ भागातील वाड्या-तांड्यांपर्यंत जाणाऱ्या वाटा ओढे-नाले ओलांडूनच जातात. हिंगोली-नांदेड हमरस्त्यावर आखाडा बाळापूर किंवा वारंगा फाट्यापर्यंत यंत्र निर्धोक साथ देते. पण हमरस्ता सोडून आत वळले की उन्हाळ्यातला रस्ता आणि श्रावणातला रस्ता हे दोन वेगळे रस्ते असतात, हे यंत्राच्या गावीही नसते. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्याने अतिवृष्टीचा जो तडाखा सोसला, तो विसरण्याजोगा नाही. नकाशावर जो ‘जवळचा मार्ग’ दिसतो, तो अशा दिवसांत मृत्यूचाही जवळचा मार्ग ठरू शकतो.

त्यात नावांचा घोळ निराळाच. औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे स्थान हिंगोली जिल्ह्यात, एक औंध सातारा जिल्ह्यात आणि एक औंध पुणे शहरात. रोमन लिपीत ही नावे एकमेकांना इतकी बिलगून येतात की घाईत टंकलेखन करणारा भाविक भलतीकडेच निघावा. पिंपळगाव, वडगाव, पिंपरी या नावांची गावे तर जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरलेली. आपली नावे आपल्या लिपीत आणि आपल्या उच्चारानुसार नकाशावर येणे, ही केवळ अस्मितेची बाब नाही. तांड्यावरील बाळंतिणीकडे निघालेल्या रुग्णवाहिकेच्या दृष्टीने ती सुरक्षेची बाब आहे.

येथवर चर्चा अचूकतेची झाली. पण या विषयाला सत्तेचे अंगही आहे आणि राष्ट्राचा विचार करणाऱ्यांना ते नजरेआड करता येणार नाही. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य वापरासाठीच्या जीपीएस लहरींमध्ये हेतुपुरस्सर चूक मिसळत असे. त्यामुळे स्थान सुमारे शंभर मीटरपर्यंत चुकू शके. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही चूक काढून टाकण्यात आली. म्हणजे १९९९ च्या उन्हाळ्यात आपले जवान कारगिलची शिखरे परत मिळवत होते, तेव्हा बाजारात मिळणारे यंत्र कितपत खरे बोलेल, हे एक परके सरकार ठरवत होते. जे एका आदेशाने सुधारते, ते दुसऱ्या आदेशाने बिघडूही शकते. शिवाय उपग्रहाची लहर जमिनीवर पोहोचेपर्यंत इतकी क्षीण झालेली असते की तिला दडपणे किंवा तिच्या जागी खोटी लहर सोडणे फारसे अवघड राहत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाच्या परिसरात विमानांना असे खोटे संकेत मिळाल्याचे सरकारने संसदेत मान्य केले.

या परावलंबनावर उत्तर म्हणून भारताने स्वतःची यंत्रणा उभारली. १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह गेला, २८ एप्रिल २०१६ रोजी सातवा गेला आणि पंतप्रधानांनी या यंत्रणेला ‘नाविक’ असे समर्पक नाव दिले. विमानांसाठीची ‘गगन’ ही पूरक व्यवस्थाही इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभी केली; एप्रिल २०२२ मध्ये किशनगड येथे तिच्या आधारे प्रवासी विमान उतरले. हे यश अभिमानास्पदच आहे. परंतु अभिमान आणि आत्मवंचना यांत अंतर राखावे लागते. ‘नाविक’च्या पहिल्या उपग्रहांवरील आयात केलेली आण्विक घड्याळे एकामागून एक बंद पडत गेली. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ रोजी उष्णतारोधक कवच न उघडल्याने वाया गेला. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या उपग्रहावर प्रथमच स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसवण्यात आले, ही खरी मोलाची झेप. मात्र २९ जानेवारी २०२५ रोजी गेलेला पुढचा उपग्रह नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. जुलै २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार सोडलेल्या अकरा उपग्रहांपैकी स्थाननिश्चितीची सेवा देणारे चारच उरले होते. स्थान काढण्यास किमान चार उपग्रह लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते.

स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनीच हे कठोर वास्तव सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट बोलले पाहिजे. स्वदेशी म्हणजे आपल्या वस्तूतील दोषांकडे डोळेझाक करण्याची सवलत नव्हे. ते दोष स्वतः शोधून स्वतः दूर करण्याची जबाबदारी आहे. घड्याळ आपले झाले, हा पाया घातला गेला. आता उपग्रहांची संख्या तातडीने भरून काढणे, राखीव उपग्रह सज्ज ठेवणे आणि देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये ‘नाविक’चा वापर प्रत्यक्षात होतो की नाही हे पाहणे, ही कामे घोषणांच्या पलीकडची आहेत. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राने नकाशे तयार करण्यावरील जुने निर्बंध सैल केले, त्यामुळे भारतीय नकाशे भारतीयांनीच उत्तम करण्याचा मार्गही मोकळा झाला आहे.

राज्य शासनाकडून अपेक्षा अधिक निकडीच्या आहेत आणि त्यांना फारसा खर्चही नाही. ई-पीक पाहणीत यंत्राने नकार दिला, तर ती शेतकऱ्याची चूक मानली जाता कामा नये. त्या क्षणी मोबाइलची अंदाजे चूक किती मीटर आहे, हे पडद्यावर मराठीत दिसावे आणि तेवढी सूट निवाड्यात आपोआप धरली जावी. वारंवार नकार येणाऱ्या गटांची यादी करून त्यांचे नकाशे तपासले जावेत. कारण एकाच गावात दहा शेतकऱ्यांना नकार मिळत असेल, तर दहा माणसे चुकलेली नसून एक नकाशा सरकलेला असण्याचाच संभव अधिक. गावपातळीवरील सहायक आणि ग्राम महसूल अधिकारी यांनी प्रत्यक्ष पाहून केलेल्या पंचनाम्याला यंत्राच्या उत्तराहून वरचे स्थान असावे. पावसाळ्यापूर्वी बुडणाऱ्या पुलांची आणि बंद रस्त्यांची तालुकावार यादी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने प्रसिद्ध करावी, ती नकाशा कंपन्यांना कळवावी, आणि अडथळा व फलक न लावणाऱ्या अधिकाऱ्यावर दायित्व निश्चित करावे.

शासनाच्या पलीकडे समाजाचेही कर्तव्य उरतेच. पूर आला की मदतीसाठी धावणारे कार्यकर्ते शेकडो मैलांवरून येतात. त्यांच्या प्रत्येक गाडीत यंत्राबरोबर त्या पंचक्रोशीतला एक जाणकार असावा, हा नियम करून घेण्यासारखा आहे. गावातील तरुणांनी आपल्या वाड्या-तांड्यांची, पाणवठ्यांची, पाण्याखाली जाणाऱ्या वाटांची नावे मराठीत अचूक नोंदवण्याचे काम हाती घ्यावे. ज्या पिढीने कधी कागदी नकाशा उलगडला नाही, तिला घरातील वडीलधाऱ्यांनी दिशा, खुणा आणि अंतर यांचा अंदाज शिकवावा. रात्री अनोळखी वाटेवर यंत्र एक सांगत असेल आणि समोरचा अंधार दुसरे सांगत असेल, तर गाडी थांबवून चावडीवर किंवा पारावर बसलेल्या माणसाला ‘राम राम, हा रस्ता पुढे जातो का?’ असे विचारण्यात कमीपणा कसला?

यंत्र नाकारावे, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. ज्या यंत्राने शेतकऱ्याच्या हाती त्याची नोंद दिली आणि कोळ्याला तुफानाची वर्दी दिली, त्याचे स्वागतच आहे. प्रश्न त्याच्या शब्दाला किती किंमत द्यायची, एवढाच आहे. साक्षीदार म्हणून ते उत्तम आहे. न्यायाधीशाच्या आसनावर त्याला बसवू नये. त्याच्या उत्तरापुढे ‘आसन्न’ हा एक शब्द मनोमन लिहून वाचण्याची सवय शासनाने आणि समाजाने लावून घेतली, तर कळमनुरीच्या शेतकऱ्याला न्याय मिळेल आणि पुढचे कोतूळही टळेल.